ध्रुवीय समुद्रातील रक्षित जहाजतांडे

युद्धकाळात व्यापारी जहाजे एकेकटी न पाठवता युद्धनौकांच्या पहाऱ्यात समूहाने नेण्याची पद्धत जुनी आहे. अशा समूहाला ‘रक्षित जहाजतांडा’ म्हणता येईल. दुसऱ्या महायुद्धात असे तांडे अनेक सागरी मार्गांवरून गेले. ब्रिटन व आइसलँडहून सोव्हिएत संघाच्या उत्तरेकडील बंदरांना निघालेल्या तांड्यांना मात्र विमाने, पाणबुड्या, मोठ्या युद्धनौका आणि गोठवणारा समुद्र या चारही संकटांना एकाच प्रवासात तोंड द्यावे लागले. या संकटांवरचे उपाय परस्परविरोधी होते आणि त्यातच या मोहिमांचे खरे काठिण्य होते.

जर्मनीने जून १९४१ मध्ये सोव्हिएत संघावर आक्रमण केले, तेव्हा या मार्गाची निकड निर्माण झाली. ‘डर्विश’ या नावाचा पहिला छोटा तांडा ३१ ऑगस्ट १९४१ रोजी अर्खांगेल्स्कला सुखरूप पोहोचला. त्यानंतरच्या तांड्यांना सांकेतिक नावे व अनुक्रमांक मिळाले. रशियाकडे जाणारे तांडे ‘पीक्यू’ आणि परतणारे ‘क्यूपी’ म्हणून ओळखले जात. डिसेंबर १९४२ पासून त्यांची जागा अनुक्रमे ‘जेडब्ल्यू’ आणि ‘आरए’ या नावांनी घेतली. प्रारंभी हे तांडे मुख्यतः आइसलँडच्या ह्वालफ्योर्ड येथून निघत. पुढे स्कॉटलंडमधील लॉक यू हे प्रमुख प्रस्थानस्थान झाले.

अर्खांगेल्स्कचे बंदर हिवाळ्यात गोठते. मुर्मान्स्क त्याहून उत्तरेला असूनही अटलांटिकमधून येणाऱ्या उबदार प्रवाहामुळे बाराही महिने खुले राहते. मात्र तेथून जर्मनांचे विमानतळ जवळ होते. ऋतूंचाही असाच पेच होता. उन्हाळ्यात हिमक्षेत्र मागे सरके व जहाजांना नॉर्वेच्या किनाऱ्यापासून दूर राहता येई. पण सूर्य मावळत नसल्याने हवाई हल्ले अहोरात्र होऊ शकत. हिवाळ्यात दीर्घ अंधाराचे संरक्षण लाभे, परंतु पुढे आलेले बर्फ तांड्याला शत्रूच्या किनाऱ्याजवळ ढकलत असे. शिवाय डेकवर उडालेले तुषार तत्काळ गोठत. साचणाऱ्या बर्फाने वरचा भार वाढून जहाज कलंडण्याचा धोका असे, म्हणून खलाशी कुऱ्हाडींनी बर्फ फोडत राहत. पाण्यात पडलेला माणूस थोड्याच मिनिटांत गारठून जाई.

तांड्याची रचना काटेकोर असे. व्यापारी जहाजे समांतर रांगांत चालत आणि समूहाची रुंदी त्याच्या लांबीपेक्षा अधिक ठेवली जाई. पाणबुडीला बाजूने हल्ला करणे सोयीचे असल्याने ती बाजू आखूड ठेवण्याचा हा हेतू होता. भोवती विनाशिका, कॉर्व्हेट आणि शस्त्रसज्ज ट्रॉलर यांचे कडे असे. मोठ्या युद्धनौका दूर अंतरावरून पाठराखण करत. बुडणाऱ्या जहाजांवरील माणसे उचलण्यासाठी काही तांड्यांबरोबर स्वतंत्र बचावजहाजेही असत.

शत्रूचे हल्ले तीन प्रकारचे होते. पहिला हल्ला आकाशातून होई. टेहळणी विमाने तांड्याभोवती घिरट्या घालून त्याचा ठावठिकाणा कळवत. मग युंकर्स ८८ विमाने बॉम्ब टाकत, तर हाइंकेल १११ विमाने एका आडव्या रांगेत पाण्यालगत येऊन एकाच वेळी पाणतीर सोडत. दुसरा प्रकार पाणबुड्यांचा. उबदार व थंड पाण्याचे थर एकत्र येतात तेथे ध्वनिलहरी वाकतात. त्यामुळे पाणबुडी शोधणारे ‘अॅस्डिक’ हे यंत्र या समुद्रात पुष्कळदा फसवे ठरे. तिसरा धोका ‘टिरपिट्झ’सारख्या महाकाय युद्धनौकांचा होता. नॉर्वेच्या खाड्यांत त्या नुसत्या उभ्या असल्या, तरी ब्रिटिश नौदलाला मोठे बळ अडकवून ठेवावे लागे.

या तीन धोक्यांतील विसंगतीची भीषण किंमत ‘पीक्यू-१७’ ने मोजली. विमान व पाणबुडी यांच्यापुढे एकत्र राहणे हिताचे असते. लांब पल्ल्याच्या तोफांपुढे मात्र पांगणे श्रेयस्कर मानले जाई. ‘टिरपिट्झ’ चालून येत असल्याच्या समजुतीने ४ जुलै १९४२ रोजी नौदलप्रमुख सर डडली पाउंड यांनी लंडनहून तांडा पांगवण्याचा आदेश दिला. ती युद्धनौका त्या वेळी नॉर्वेतच होती. एकाकी पडलेली जहाजे विमानांच्या व पाणबुड्यांच्या तावडीत सापडली. २४ जहाजे बुडाली आणि त्यांच्याबरोबर ४३० रणगाडे, २१० विमाने व ३,३५० वाहने समुद्रतळाशी गेली. या विनाशातही लेफ्टनंट लिओ ग्रॅडवेल यांनी आपल्या ‘एअरशायर’ या ट्रॉलरबरोबर तीन जहाजे हिमक्षेत्रात नेली, त्यांना पांढरा रंग दिला आणि सुखरूप रशियाला पोहोचवले.

सप्टेंबर १९४२ च्या ‘पीक्यू-१८’ बरोबर विनाशिकांचे प्रबळ दल आणि ‘अॅव्हेंजर’ हे छोटे विमानवाहू जहाज देण्यात आले. ४० पैकी १३ व्यापारी जहाजे बुडाली, तरीही तांडा विस्कटला नाही. जर्मनांनी सुमारे ४० विमाने गमावली. ३१ डिसेंबर १९४२ रोजी बॅरेंट्स समुद्रात कॅप्टन रॉबर्ट शेरब्रुक यांच्या विनाशिकांनी कितीतरी बलाढ्य जर्मन युद्धनौकांना थोपवले व ‘जेडब्ल्यू-५१बी’ मधील सर्व व्यापारी जहाजे वाचवली. २६ डिसेंबर १९४३ रोजी नॉर्वेच्या उत्तर भूशिराजवळ ‘शार्नहोर्स्ट’ ही जर्मन युद्धनौका बुडाली. तिच्यावरील सुमारे १,९७० जणांपैकी केवळ ३६ वाचले. नोव्हेंबर १९४४ मध्ये ब्रिटिश बॉम्बफेकी विमानांनी ‘टिरपिट्झ’ही उलथवली.

मे १९४५ पर्यंत ७८ तांड्यांतून सुमारे १,४०० व्यापारी जहाजांनी हा मार्ग आक्रमला आणि सुमारे ४० लाख टन माल पोहोचवला. त्यात रणगाडे, विमाने, दारूगोळा, इंधन, अन्नधान्य आणि कच्चा माल होता. सोव्हिएत संघाला मिळालेली मदत पॅसिफिक महासागर व इराण या मार्गांनीही गेली. पण युद्धाच्या प्रारंभीच्या बिकट महिन्यांत उत्तरेचा हा मार्ग विशेष मोलाचा ठरला. त्यासाठी ८५ व्यापारी जहाजे, ब्रिटिश नौदलाच्या १६ युद्धनौका आणि सुमारे ३,००० माणसे कामी आली.

या मोहिमांचा बोध स्पष्ट आहे. तांड्याचे संरक्षण केवळ तोफांच्या संख्येवर अवलंबून नव्हते; प्रत्येक जहाजाने आपली जागा राखण्यावर आणि संरक्षक नौकांनी त्याची साथ न सोडण्यावर ते अवलंबून होते. ती जागा राखणारे पुष्कळसे खलाशी सैनिक नव्हते, नागरिक होते. ब्रिटनने त्यांच्यासह या मोहिमांत भाग घेतलेल्या आपल्या लोकांसाठी ‘आर्क्टिक स्टार’ हे स्वतंत्र पदक २०१३ मध्ये दिले. हा सन्मान उशिरा आला. या नागरी खलाशांचे कर्तृत्व मात्र नौदलाच्या शूरांपेक्षा तसूभरही कमी नव्हते आणि इतिहासात त्याची नोंद त्याच मानाने व्हायला हवी.