चोक, ऑइल आणि थंडीतली सकाळ

मीरा रोडला कसली आलीय थंडी, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. पण माझी जुनी प्रीमियर पद्मिनी रविवारपुरतीच बाहेर निघते, आणि इंजिनाचं दुखणं तिथूनच सुरू होतं.

गाडी उभी राहिली की ऑइल निथळून खाली चेंबरमध्ये उतरतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर पंप ते वर पोचवेपर्यंत इंजिनाचे भाग जवळजवळ कोरडेच घासतात. गारठ्यात ऑइल दाटतं, म्हणून हा वेळ लांबतो. आणि नेमकं तेव्हाच आपण अ‍ॅक्सिलरेटर दाबून इंजिन ‘गरम’ करायला जातो!

दुसरी भानगड चोकची. तो ओढला की कार्बोरेटरमध्ये हवा कमी जाते, पेट्रोलचं प्रमाण वाढतं. गार इंजिन त्याशिवाय धरत नाही. पण न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं. एका जानेवारीत नाशिकला जाताना मी चोक आत ढकलायला विसरलो. मेकॅनिकनं डिपस्टिकच माझ्या नाकाशी धरली. पेट्रोलचा वास! ऑइल बदलण्यावर निभावलं, नाहीतर रिंग-पिस्टनचं काम निघालं असतं.

धूर मारते म्हणून जाड ऑइल घालायचा मोहही मी सोडला. डब्यावरच्या ‘२०डब्ल्यू-४०’मधला डब्ल्यू हिवाळ्याचा, त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत लवकर वाहतं. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेलंच घालतो.

आता इंजिन धरलं की अर्धा मिनिट थांबतो, चोक हळूहळू आत सारतो आणि काशीमिरा नाक्यापर्यंत गाडी दामटत नाही. मागचे हॉर्न वाजवतात. वाजवू देत.