परदेशी मेतकूट

तान्हं मूल घेऊन परदेशी गेलेल्या बाईला चार दिवसांतच मऊ भात नि मेतकूट आठवू लागतं. सोबतचे म्हणतात, जिभेचे चोचले! पण मंडळी, त्या आठवणीत बाळाचाही वाटा असतो बरं का. आईनं खाल्लेल्या लसणीचा वास दोनेक तासांत तिच्या दुधात उतरतो, हे अमेरिकेत १९९१ साली तपासून पाहिलं गेलं. तेव्हा आईच्या ताटातली चव बाळाच्याही ओळखीची.

मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी-तांदळाचं कोरडं पीठ; घट्ट झाकणाच्या डब्यात नेलं तर प्रवासात नासत नाही. भात कुठंही मिळतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला तोच भात कुसकरून द्यावा, मीठ-मेतकूट मात्र आईच्याच वाटीत. ऑस्ट्रेलियाला उतरताना डबा आधी सांगावा. लपवला तर दंड बसतो.