खोट्या शास्त्राची खरी करमणूक

देव म्हणजे परग्रहावरून आलेले अंतराळवीर, हे खूळ मराठी वाचकांच्या डोक्यात भरलं ते एरिक फॉन डॅनिकेनने. स्वित्झर्लंडमधल्या दावोसच्या एका हॉटेलात मॅनेजर असलेल्या या गृहस्थाचं पहिलं पुस्तक जर्मन भाषेत १९६८ साली निघालं. त्याचे सिद्धान्त बाळ भागवतांनी ‘देव? छे! परग्रहावरील अंतराळवीर!’ अशा झोकदार नावाने मराठीत आणले. डॉ. सुरेशचंद्र नाडकर्णींनी ‘पृथ्वीवर माणूस उपराच!’ लिहून आणखी एक पाऊल पुढे टाकलं. मग वाचनालयात ही पुस्तकं जागेवर सापडेनाशी झाली. त्यांच्यासाठी नंबर लावणाऱ्यांत मीही होतो. यातल्या एकाही दाव्यावर माझा विश्वास नाही आणि यातलं एकही पुस्तक मी रद्दीत घातलेलं नाही.

डॅनिकेनचं हस्तलिखित प्रकाशकाने एका पटकथालेखकाकडून नव्याने लिहून घेतलं होतं. ते वाचताना जाणवतंच. त्याची हातोटी पाहण्यासारखी आहे. एखाद्या परिच्छेदात तो नुसता प्रश्न विचारतो. पुढच्या पानावर ती ‘नाकारता न येणारी शक्यता’ होते, आणि धडा संपता संपता आपण हे सगळं सिद्ध केलंय अशा थाटात गडी पुढच्या खंडात पोचलेला असतो. खरी गंमत त्याला ही उडी मारताना पकडण्यात आहे. भाविकाला ती दिसत नाही आणि संतापलेला विज्ञाननिष्ठ तिथवर वाचतच नाही.

मेक्सिकोतल्या पालेंकेचं झाकण घ्या. आल्बेर्तो रूस या पुरातत्त्वज्ञाला १९५२ साली तिथल्या पिरॅमिडच्या पोटात माया राजा पाकालची शवपेटी सापडली. तिच्या दगडी झाकणावरचं कोरीव काम डॅनिकेन आपल्याला आडवं धरून दाखवतो. मग दिसतो तो पुढे झुकलेला वैमानिक: हात कळांवर, टाच पेडलवर, मागे ज्वाळा. एकदा पाहिलं की डोळ्यांसमोरून जात नाही. आता तेच चित्र उभं करा. वैमानिकाचा राजा होतो. तो पाताळाच्या जबड्याशी आहे, त्याच्या अंगातून विश्ववृक्ष वर गेलाय आणि शेंड्यावर पक्षी बसलाय. रॉकेटच्या टोकावर पक्षी कशाला, हे डॅनिकेनला विचारायची सोय नाही. हा राजा ६८३ साली वारला, हेही अभ्यासकांनी शिलालेखांवरून वाचून काढलंय. तरी मी ते पान उघडलं की पुस्तक आधी आडवंच धरतो.

त्यानंतर बर्म्युडा आलं. चार्ल्स बर्लिट्झ हा भाषा शिकवणाऱ्या प्रसिद्ध बर्लिट्झ शाळांच्या संस्थापकाचा नातू. त्याचं ‘द बर्म्युडा ट्रँगल’ १९७४ साली आलं आणि त्यातली जहाजं शांत समुद्रात, निरभ्र आकाशाखाली पटापट गायब होऊ लागली. अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयात तेव्हा लॉरेन्स कुशे नोकरीला होता. विद्यार्थी सारखे याच विषयाची माहिती मागू लागले, म्हणून तो संदर्भ जमवायला बसला. त्याने त्या त्या तारखेची वर्तमानपत्रं आणि हवामानाच्या नोंदी काढल्या. जिथे पुस्तकात समुद्र शांत होता, तिथे अनेकदा पेपरात वादळाची बातमी निघाली. १९०२ साली ‘फ्राया’ नावाचं जर्मन जहाज बेवारस सापडलं होतं आणि त्रिकोणाच्या बळींत त्याचं नाव घेतलं जाई. ते चक्क पॅसिफिक महासागरात, मेक्सिकोच्या दुसऱ्या बाजूला होतं! कुशेचं पुस्तक १९७५ साली आलं. मला ते बर्लिट्झपेक्षा जास्त रंगतदार वाटतं, पण बर्लिट्झ वाचलेला नसेल तर त्याची निम्मी लज्जत जाते.

आपल्या घरचा माल म्हणजे ‘वैमानिक शास्त्र’. हा भरद्वाज ऋषींचा ग्रंथ म्हणून सांगितला जातो. प्रत्यक्षात तो सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ या काळात सांगून लिहवून घेतला. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या अभ्यासकांनी १९७४ साली त्यातली विमानं तपासली आणि ती उडणं अशक्य असल्याचा निर्वाळा दिला. रुक्म विमानाची मजल्यांवर मजले चढवलेली आकृती मात्र मी तासभर बघू शकतो. २०१५च्या जानेवारीत मुंबईतल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये हीच विमानं निबंधात अवतरली तेव्हा मला हसू आलं नाही. कपाटातलं पुस्तक विज्ञान परिषदेच्या व्यासपीठावर चढलं की करमणूक संपते. रोग बरे करण्याची हमी देणाऱ्या पुस्तकांना तर मी या कपाटात कधीच जागा दिली नाही. तिथे वाचकाच्या जिवाशी गाठ असते.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत हा माल व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय आणि पार बेचव झालाय. डॅनिकेनला निदान नाव होतं, त्याच्या पुस्तकाला किंमत होती, तीनेकशे पानं तो वाचकाला खिळवून ठेवायचा. आता चार ओळी आणि ‘नासानेही मान्य केलं’. लेखकच नाही, तर भांडायचं कोणाशी?

ज्यांनी यातलं काहीच वाचलेलं नाही, त्यांनी बर्म्युडापासून सुरुवात करावी. आधी बर्लिट्झ वाचा, मग कुशे. उलट क्रमाने वाचलंत, तर खुनी कोण हे आधीच कळलेली रहस्यकथा हातात येईल.