गळ टाकणाऱ्याला महागडं जाकीट कशाला?

येत्या १ ऑगस्टला मासेमारीबंदी उठेल, मागोमाग नारळी पौर्णिमा येईल आणि ससून डॉकपासून मिरकरवाड्यापर्यंतच्या लगबगीचे फोटो पुन्हा पहिल्या पानावर झळकतील. बंदी उठते, पाऊस मात्र उठत नाही, ही गोष्ट त्या फोटोंत दिसते पण बातमीत येत नाही. ऑगस्ट हा कोकणात भरपावसाचाच महिना. ट्रॉलरवरचा खलाशी, खाडीच्या तोंडाशी पाग फेकणारा आणि रविवारी जेट्टीवर गरी टाकून बसणारा हौशी माणूस, तिघांनाही तासन्‌तास पाण्याखाली उभं राहायचं असतं, तेही वरून पडणाऱ्या पाण्याखाली. पहिले दोघे हा प्रश्न शेदोनशे ते हजार-दोन हजार रुपयांत सोडवतात. तिसऱ्याला मात्र दुकानदार, ऑनलाइन जाहिराती आणि परदेशी व्हिडिओ मिळून सांगत असतात, की वॉटरप्रूफ तर हवंच, पण ‘ब्रीदेबल’ही हवं, आणि त्यासाठी दहा-वीस हजार मोजायला हरकत नाही. माझ्या मते कोकणच्या पावसासाठी हा सल्ला चुकीचा आहे. जाकीट वाईट नाही, हवामान वेगळं आहे.

ब्रीदेबल जाकिटात एक अतिपातळ पडदा असतो. त्याची छिद्रं पाण्याचा थेंब आत शिरू देत नाहीत, पण घामाची वाफ बाहेर सोडतात. रॉबर्ट गोअर यांनी १९६९ साली टेफ्लॉनच्या जातीचं प्लॅस्टिक झटक्यात ताणून हा पदार्थ शोधला आणि १९७६ पासून तो गोअर-टेक्स या नावाने कपड्यांत आला. शोध अस्सल आहे, त्याबद्दल शंका नाही. पण वाफ बाहेर जाते ती पडद्याच्या हुशारीमुळे नव्हे, तर आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातल्या फरकामुळे. घामेजलेल्या ३४ अंशांच्या कातडीजवळ हा दाब सुमारे ५.३ किलोपास्कल असतो. बाहेर १० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, म्हणजे नॉर्वे-स्कॉटलंडकडचा पावसाळी दिवस, तर हवेतला बाष्पदाब जेमतेम १.१ भरतो. वाफेला बाहेर ढकलणारा जोर झाला ४.२. आता तीच ९० टक्के आर्द्रता ठेवून तापमान २७ अंश करा, म्हणजे मालवणातला ऑगस्ट. हवेतला दाब ३.२ होतो आणि जोर उरतो २.१, थेट निम्मा. थंड देशात जाकिटाच्या आत दव धरण्याची वेगळी कटकट असते हे खरं, पण निदान वाफेला जायला जागा असते. आपल्याकडे बाहेरची हवाच वाफेने भरलेली. त्यात तासाभराच्या सरीत वरचं कापड भिजून ओथंबलं, की पडद्यावर पाण्याचा थर बसतो आणि उरलेली वाटही आखडते. पाणी निथळून जावं म्हणून कापडावर दिलेला लेप खारं पाणी, माशांची बुळबुळ आणि आमिषाचं तेल यांच्यापुढे फार दिवस तग धरत नाही.

यावर जाकीट विकणारे लेबलवरचा आकडा दाखवतात : एका चौरस मीटरमधून चोवीस तासांत अमुक हजार ग्रॅम वाफ. या आकड्यांच्या चाचण्या अनेक आहेत आणि एकीचा आकडा दुसरीशी जुळत नाही. भांडं उलटं करून पाणी थेट कापडाला टेकवलं की आकडा फुगतो. कोणती चाचणी केली हे लेबलवर क्वचितच असतं. त्यापेक्षा खूप बोलका कागद म्हणजे ‘ईएन ३४३’ हे पावसाळी कामाच्या कपड्यांचं युरोपीय मानक. ते गिर्यारोहकांसाठी लिहिलेलं नाही, रस्त्यावर, बंदरात, शेतात राबणाऱ्यांसाठी लिहिलेलं आहे, म्हणून मला ते अधिक विश्वासाचं वाटतं. त्यात कपडा सलग किती वेळ घालावा याचा एक तक्ता दिला आहे. वाफ जवळजवळ न सोडणारा, सर्वांत खालच्या दर्जाचा कपडा २५ अंश तापमानात ६० मिनिटांहून जास्त घालू नये, असं तो म्हणतो. आक्षेप घेणाऱ्याला इथे आयतं कोलीत मिळतं : पाहा, मानकच सांगतंय की प्लॅस्टिकचा रेनकोट तासाभराचा सोबती!

पण तक्त्याखालची बारीक टीप वाचायला हवी. हा हिशेब मध्यम श्रमाचा आहे, शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरमागे १५० वॅट उष्णता तयार करणाऱ्या माणसाचा. गळ टाकून बसलेला माणूस साठच्या आसपास, उभा असलेला सत्तरच्या आसपास वॅट तयार करतो, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दुसरं, तक्ता ५० टक्के आर्द्रता धरून केला आहे. कोकणात ऑगस्टमध्ये ५० टक्के आर्द्रता शोधायची तर एसीच्या खोलीतच बसावं लागेल. म्हणजे ज्या कोरड्या हवेत महाग पडदा आपला फायदा दाखवतो, ती हवा इथे नाहीच. आणि तिसरी गोष्ट त्याच टिपेत आहे : कपड्याला हवा खेळायला चांगल्या वाटा असतील किंवा मध्ये विश्रांती असेल, तर ही वेळ वाढवता येते. सगळ्या प्रकरणाची किल्ली या शेवटच्या वाक्यात आहे, आणि तिला वीस हजार रुपये पडत नाहीत.

आपल्या पूर्वजांना ही किल्ली ठाऊक होती. भातलावणीत पाठीवर घेतात ते इरलं पाहा. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, मध्ये पानांचा थर, डोक्यापासून कमरेखालपर्यंत पाऊस अडवणारं आणि आतून सताड उघडं. वाकलेल्या बाईच्या अंगाला ते चिकटत नाही, खालून वारा फिरत राहतो. गरम पावसासाठी याहून नेमका विचार झालेला मला माहीत नाही. याउलट आजच्या जाकिटाची वंशावळ सगळी थंड प्रदेशातली. चार्ल्स मॅकिंटॉश यांनी १८२३ मध्ये दोन कापडांच्या मध्ये रबर घालून पेटंट घेतलं ते स्कॉटलंडमध्ये. नॉर्वेचे जहाजकप्तान हेली यूएल हॅन्सन यांनी १८७७ मध्ये जवसाचं तेल पाजलेल्या कापडाचे कोट विकायला सुरुवात केली. त्या मंडळींपुढचा प्रश्न होता ऊब टिकवण्याचा, म्हणून गळ्यापासून गुडघ्यापर्यंत सगळं बंद. सुरेंद्रमोहन बोस यांनी १९२० च्या सुमारास कोलकात्यात डकबॅकचे रबरी रेनकोट बनवायला घेतले, तेव्हा स्वदेशी माल आला, शाळकरी पिढ्याच्या पिढ्या त्यात वाढल्या, पण घडण साहेबाचीच राहिली. इरलं समुद्रावर चालणार नाही, वाऱ्यात उडून जाईल, हे कबूल. त्यातला हवेचा विचार मात्र उचलता येतो : एक माप मोठं, ढगळ जाकीट, पाठीवर झडपेखाली जाळी, काखेत वाट, खालचा घेर मोकळा, आणि आत सुती बनियनऐवजी पातळ पॉलिस्टर, जे भिजलं तरी अंगाला थंडगार चिकटून बसत नाही.

आता पाणी अडवण्याचा आकडा. १०,००० मिलिमीटर, २०,००० मिलिमीटर असं लेबलवर लिहिलेलं असतं. अर्थ इतकाच, की कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा केला तरी पाणी पलीकडे येत नाही. दहा मीटर म्हणजे तीन मजली घराएवढा स्तंभ. ऐकायला दणकट वाटतं. पण ईएन ३४३ मधला सर्वांत वरचा दर्जा मागतो २०,००० पास्कल, म्हणजे जेमतेम दोन मीटर. फरक हा की ती कसोटी फक्त नव्याकोऱ्या कापडावर होत नाही. आधी कापड घासतात, दुमडतात, धुतात, आणि शिवणींनाही ती लागू असते. घासल्यानंतरचे दोन मीटर हे नव्या कापडाच्या वीस मीटरपेक्षा जास्त सांगून जातात. मोठा आकडा कुठे लागतोच म्हणाल, तर जाकिटाला नाही, पँटला. ओल्या खडकावर गुडघा टेकला आणि पस्तीस किलो वजन ऐंशी चौरस सेंटिमीटरवर आलं, तर कापडावर जवळजवळ साडेचार मीटर पाण्याइतका दाब पडतो. भिजलेल्या कातळावर बसणाऱ्यांचं बूड का ओलं होतं याचं उत्तर तिथे आहे. आणि बाजारात सगळी हुशारी जाकिटावर खर्च होते, पँट मात्र सेटसोबत फुकट आल्यासारखी असते. छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली पँट घेतली तर वरचं जाकीट पुढून उघडं ठेवता येतं, म्हणजे पुन्हा हवेचाच प्रश्न सुटतो.

गळ टाकणारा भिजतो तो बहुतेक वेळा कापडातून नव्हे, तर मनगटातून. रॉड उचलली, हात वर गेला, की पाणी दोरीवरून मुठीत आणि मुठीतून कोपरापर्यंत घरंगळतं. म्हणून बाहीच्या टोकाला दुहेरी कफ हवा, आतला रबरासारखा अंगाला बसणारा आणि बाहेरचा वेल्क्रोने आवळता येणारा. गिर्यारोहणाच्या कित्येक महागड्या जाकिटांत हा आतला कफ नसतोच, हे दुकानात कोणी सांगत नाही. टोपी डोक्यासोबत वळायला हवी. मान वळवली आणि टोपी तिथेच राहिली, तर बाजूने येणारी लाट दिसत नाही. शिवणी वेल्ड केलेल्या किंवा आतून टेप मारलेल्या असाव्यात, एवढं आतली बाजू उलटून पाहिलं तरी कळतं. धातूची चेन खाऱ्या हवेत महिनाभरात अडते, प्लॅस्टिकच्या जाड दातांची घ्यावी आणि तिच्यावर झडप असावी. बाकी खिसे किती, लोगो कुठे, हे ज्याचं त्याने पाहावं.

टिकाऊपणाचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. महाग वस्तू दहा वर्षं टिकते, स्वस्त दोन. मग खरी स्वस्त कोणती? थंड, कोरड्या देशात हे गणित बरोबर असेल. पण पॉलियुरेथेनच्या लेपाला दमट उष्णता सोसत नाही. पाण्याच्या वाफेने त्याची साखळी तुटत जाते, लेप आधी चिकट होतो, मग कोंड्यासारखा झडतो. पावसाळा संपल्यावर घडी घालून कपाटात ठेवलेलं जाकीट पुढच्या मृगात आतून सोललेलं निघतं ते यामुळेच, वापरलं नाही तरीही. ब्रीदेबल जाकिटांतली बरीच या लेपावर उभी असतात. त्यामानाने कापडावर चढवलेलं जाड पीव्हीसी जड आहे, उन्हात कडक होतं, दिसायला ओबडधोबड आहे, पण दमटपणाला दाद देत नाही. माशाचा काटा किंवा गरी लागून भोक पडलं तर योग्य सोल्यूशनने ठिगळ बसतं. बादलीभर गोड्या पाण्यात धुतलं की झालं. पर्यावरणाच्या तराजूत पीव्हीसी काही सोज्वळ नाही, ते मऊ ठेवायला घातलेली रसायनं शंकास्पदच आहेत. पण समोरच्या पारड्यातही भलतं ओझं आहे. पाणी निथळवणाऱ्या लेपांत वर्षानुवर्षं वापरलेली पीएफएएस रसायनं निसर्गात विघटित होत नाहीत. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून आणि फ्रान्सने १ जानेवारी २०२६ पासून कपड्यांतल्या त्यांच्या वापरावर बंदी आणली, काही सवलती ठेवून. गोअर कंपनीनेही २०२२ पासून या रसायनांविना केलेला नवा पडदा आणला आहे. आपल्याकडे सवलतीत येणारा परदेशी माल जुन्या लेपाचा आहे की नव्या, हे विचारून घेतलेलं बरं.

हे सगळं कोकणच्या किनाऱ्याला आणि बसून-उभं राहून केलेल्या मासेमारीला लागू. सह्याद्रीच्या माथ्यावर, एखाद्या धरणाच्या काठी पहाटे पारा वीसखाली असेल आणि तिथवर तासभर चढून जायचं असेल, तर पडद्याच्या जाकिटाचा उपयोग होईल. नोकरीनिमित्त ब्रिटन किंवा नॉर्वेत असलेल्या वाचकांनी तर माझं ऐकूच नये, तिथे तेच घ्यावं. पाग फेकणाऱ्याचं आणि जाळं ओढणाऱ्या खलाशाचं गणितही निराळं आहे. इतक्या श्रमात कोणताही कपडा घामाने आतून भिजणारच, त्यामुळे त्यांच्यासाठी कोरडं राहणं दुय्यम, आणि विंचमध्ये किंवा दोरात अडकेल असं काही लोंबत नसणं पहिलं. पॉन्चो हवेला उत्तम, पण चालत्या यंत्राजवळ तो घालणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. समुद्राचं पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश असतं म्हणून गारठ्याची भीती नाही, असंही समजू नये. रात्रभर ओल्या अंगाला वारा लागला तर उबदार मुलखातही माणूस कुडकुडतो आणि बोटं गाठी मारेनाशी होतात.

राहिला रंग आणि लाइफ जॅकेट. हौशी मालात गडद हिरवा, करडा आणि चट्ट्यापट्ट्यांचा कपडा जास्त खपतो, जणू मासे वर पाहून खरेदी तपासणार आहेत. पावसाळी समुद्र करडा, आकाश करडं आणि त्यात करड्या जाकिटातलं डोकं, पडलेल्या माणसाला शोधायचं कसं? भगवा किंवा चमकता पिवळा घ्यावा, टोपीवर आणि खांद्यावर परावर्तक पट्टी असेल तर अधिक चांगलं. हवेने फुगणारं लाइफ जॅकेट नेहमी रेनकोटच्या वरून घालायचं असतं. आतून घातलं आणि फुगलं, तर बंद जाकिटात ते छातीच आवळतं. म्हणजे दुकानात माप बघताना आरशापुढे नुसतं उभं राहून चालणार नाही. सोबत लाइफ जॅकेट न्यावं, ते वरून बांधून दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, आणि कंबर उघडी पडत असेल किंवा बाही मनगटावरून सरकत असेल, तर एक माप वरचं मागावं.