जुन्या जीपचा दिवा

दुसऱ्या महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकन कारखान्यांनी मिळून ज्या सहा लाखांहून अधिक जीपगाड्या रणांगणावर धाडल्या, त्यांच्या दर्शनी दिव्यांत एक मोठी चतुर योजना होती : हाताने फिरवायचा एक नट सैल केला की अख्खा दिवा बिजागरीवर मागे उलटे, आणि रस्त्यावर पडणारा झोत इंजिनावर पडे, जेणेकरून अंधारात दुरुस्ती करणाऱ्या सैनिकाला वेगळ्या कंदिलाची गरज भासू नये. मात्र खुद्द दिवाच रुसला तर काय करावे, याची तजवीज त्या योजनेत नव्हती. आणि जुन्या जीपगाडीत सर्वांत आधी रुसतो तो दिवाच.

तिचीच मुलकी वंशावळ स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबईत माझगावला महिंद्रांच्या कारखान्यात जुळवली जाऊ लागली, आणि मामलेदाराच्या दौऱ्यापासून बागाइतदाराच्या भाजीच्या पाट्यांपर्यंत सर्व प्रकारचा भार तिने वाहिला. तिचे इंजिन कोणताही जाणता मिस्त्री डोळे मिटून खोलील. परंतु विजेचे प्रकरण निघाले की तोच मिस्त्री वायरमनकडे बोट दाखवून मोकळा होतो. कारण इंजिनाचा दोष आवाज करतो, धूर सोडतो, तेल गाळतो. विजेचा दोष मात्र ज्या जागी असतो त्या जागी बहुधा दिसतच नाही.

याचे मूळ गाडीच्या रचनेतच आहे. बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाण्यासाठी विजेला तार दिलेली असते. दिव्यापासून परत येण्यासाठी बहुधा काहीच दिलेले नसते. दिव्याचे कवच, मडगार्ड, चासी आणि शेवटी बॅटरीची जाड पट्टी अशा लोखंडी मार्गाने तिने आपले आपण घरी यावे, अशी अपेक्षा असते. मिस्त्री लोक या परतीच्या मार्गाला ‘अर्थ’ म्हणतात. नव्या गाडीत हा मार्ग राजरस्त्यासारखा असतो; पण चाळीस पावसाळे पाहिलेल्या गाडीत प्रत्येक सांध्याला गंजाचा एकेक जकातनाका बसलेला असतो.

ही जकात किती जबर असते, ते आकड्यांत पाहण्याजोगे आहे. जुन्या विलीजमध्ये विजेचा दाब अवघा सहा व्होल्टांचा असे. पंचेचाळीस वॅटांच्या दिव्याच्या मार्गात ओहमचा केवळ दहावा हिस्सा एवढा अडथळा आला, तरी दाबाचा नववा भाग वाटेतच खर्ची पडतो. आणि उजेड दाबाच्या प्रमाणात न घटता त्याहून फार वेगाने घटत असल्यामुळे, उजेडाचा सुमारे तिसरा हिस्सा नाहीसा होतो. तेवढाच अडथळा बारा व्होल्टांच्या गाडीत आला तर जेमतेम दहावा हिस्सा जातो. म्हणून सहा व्होल्टांच्या गाडीला मूळच्या जाड तारा काढून बाजारात मिळतील त्या बारीक तारा घालणारा मनुष्य, काटकसरीच्या नावाखाली, अंधारच विकत घेतो असे माझे स्पष्ट मत आहे.

एका आषाढात भोरकडच्या नात्यातल्या एका काकांच्या जीपमधून वरंध घाटाने महाडला उतरण्याचा योग यायचा होता. गाडी बारा व्होल्टांची, मुलाच्या लग्नाआधी नव्याने रंगवलेली, दिसायला नवरदेवासारखी. पण डावा दिवा लावला की त्यातून विझत्या निखाऱ्यासारखा तांबूस प्रकाश येई. काकांनी दोन बल्ब बदलले होते, डिपरवरही संशय घेतला होता. तो संशय अगदीच निराधार नव्हता, कारण पायाने दाबायचा हा स्विच तळाशी, चिखलाने भरलेल्या जोड्यांच्या शेजारी नांदत असतो आणि पहिला तोच कुजतो. परंतु या खेपेला तो निर्दोष निघाला.

गावातल्या वायरमनने आधी काहीच उघडले नाही. वरचा झोत लावून तो गाडीसमोर उकिडवा बसला आणि म्हणाला, “काका, उजव्या दिव्यात बघा, खालच्या झोताची तारही मिणमिणतेय.” ही साक्ष निर्णायक होती. डाव्या दिव्याची परतीची वाट तुटल्यामुळे वीज त्याच्याच दुसऱ्या, म्हणजे खालच्या झोताच्या, तंतूतून उलटी शिरून, डिपरच्या तारेने उजव्या दिव्यात जाऊन, तिथल्या तंतूतून बाहेर पडत होती. तीन तंतूंना एकाच ओळीत बांधल्यावर कोणाच्याच वाट्याला पुरता दाब येणार नाही, हे उघड आहे. मग त्याने हातभर तारेचे एक टोक बॅटरीच्या ऋण टर्मिनलला आणि दुसरे डाव्या दिव्याच्या धातूला लावले मात्र, समोरच्या भिंतीवर लख्ख उजेड पडला.

मीटर नसताना यापेक्षा सरळ परीक्षा माझ्या माहितीत नाही. मीटर असल्यास दिवा पेटता ठेवून त्याच दोन जागांमधला दाब मोजावा. काटा शून्यापासून लक्षात येण्याइतका हलला तर बल्बचे दुकान गाठण्याचे कारण नाही. दिवे, स्विच सगळे बंद असतानाही डॅशवरच्या अँपमीटरचा काटा ‘डिस्चार्ज’कडे झुकलेला राहिला, तर मात्र प्रकरण निराळे : कुठेतरी तारेचे कातडे सोलवटले आहे, आणि बॅटरीची तार आधी सोडवून मगच पुढचा तपास करावा.

“रंग कोणी मारला?” वायरमनने विचारले. दिव्याच्या कवचाचा स्क्रू त्याने काढला, तर खाली हिरव्या रंगाचा नखभर थर. तो पॉलिशपेपरने धातू दिसेपर्यंत खरवडला, दातेरी वायसर घातला, वर व्हॅसलिनचे बोट फिरवले आणि स्क्रू आवळला. डावा दिवा पेटला. मी पैशाचे पाकीट काढले, तोवर तो उजव्या दिव्याकडे वळला होता. “तो तर चांगला जळतोय,” काका म्हणाले. उत्तर न देता त्याने तो स्क्रूही बाहेर काढून त्यांच्या तळहातावर ठेवला. तिथला रंग तेवढाच जाड होता. एका आट्याच्या उघड्या कडेवर तो दिवा इतके दिवस तग धरून होता.