भार येताच इंजिन का बंद पडते?

आमचे शाळेचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे धडे कारखान्याच्या दारात मिळाले. त्यांतला एक आज सांगतो.

एका गोदामात डिझेलवर चालणारी फोर्कलिफ्ट होती. रिकामी असताना ठीक चाले. माल उचलू लागली की इंजिन दोन आचके देई आणि बंद पडे. चालकाला आरोपपत्र मिळाले: कामात निष्काळजीपणा. आम्ही म्हटले, आधी यंत्राची चौकशी करा, मग माणसाची.

हे यंत्र तेलाच्या दाबावर माल उचलते. इंजिन पंप फिरविते, पंप तेल ढकलतो, तेल दट्ट्याला वर सारते. दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो दाबाने मिनिटाला 60 लिटर तेल ढकलायचे, तर सुमारे 20 अश्वशक्ती त्यातच खर्ची पडते. रिकामे काटे उचलताना दाब थोडा. दुबळे इंजिनही निभावून नेते. भार आला की त्याचे दुखणे उघडे पडते.

मग शोध कसा घ्यावा? प्रथम, उचलताना चालक ॲक्सिलरेटर दाबतो का, ते पाहावे. तो दाबत होता. दुसरे, मापक लावून तेलाचा दाब मोजावा. त्या वेळी काट्यांखाली कोणी उभे राहू नये. दाब ठरलेल्या आकड्याहून अधिक निघाला, तर जादा दाब सोडणारी झडप अडकली आहे किंवा फार आवळली आहे. आमच्याकडे दाब बरोबर होता. म्हणजे दोष इंजिनाकडे. तिसरे, धूर पाहावा. काळा धूर आला तर डिझेल आहे, हवा कमी. हवेचा फिल्टर तपासावा. धुराविना इंजिन गळाठले, तर बहुधा डिझेलच पोचत नाही. येथे धूर नव्हता. डिझेलचा फिल्टर नवा घातला. फरक पडला नाही. शेवटी मेकॅनिकने टाकीचे झाकण सैल केले आणि माल वर गेला!

त्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असते. ते धुळीने बुजले होते. डिझेल बाहेर जाई, पण त्याची जागा घ्यायला हवा आत येईना. मग टाकीच डिझेल मागे ओढून धरी. रिकाम्या गाडीला मिळे तेवढे पुरे. भाराला ते अपुरे पडे.

भोक पाच मिनिटांत मोकळे झाले. आरोपपत्र मागे घ्यायला तीन आठवडे लागले. चालक चुकतच नाही, असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या पायाकडे आम्हीही प्रथम पाहिलेच. पण तेथेच थांबलो असतो, तर माणूस घरी बसला असता आणि नव्या माणसाच्या हाताखालीही इंजिन तसेच बंद पडले असते.