एक काका, तीन वाक्प्रचार

मोठं काम मिळालं, की बॉसची मेल येते, ‘आपल्या टीमने अटकेपार झेंडे लावले!’ पंधरा दिवसांत काम फसतं आणि कँटीनमध्ये कुजबुज सुरू होते, ‘सूचनांमध्ये ध चा मा कुणी केला?’ मग अप्रेझल तोंडावर येतं आणि सिनिअरच्या केबिनबाहेर आपण मनातल्या मनात ओरडतो, ‘काका, मला वाचवा!’

गंमत म्हणजे ही तिन्ही वाक्यं एकाच माणसाच्या आयुष्यातून आलीत. रघुनाथराव पेशवे ऊर्फ राघोबादादा.

साल १७५८. दादांच्या नेतृत्वाखाली मराठी फौजांनी लाहोर घेतलं आणि त्या सिंधूकाठच्या अटकेपर्यंत पोचल्या. हे अटक आज पाकिस्तानातल्या पंजाबात आहे. सिंधू ओलांडू नये असा जुना समज, त्यामुळे ‘अटकेपार’ला भलतंच वजन आलं. पण खुद्द दादा लाहोरहूनच मागे फिरले होते. पुढची मजल मारली ती सरदारांनी. शिवाय मोहिमेतून तिजोरी भरण्याऐवजी डोक्यावर कर्जच झालं. झेंडा जोरात, बजेट कोमात!

आता या १७७३ मध्ये. थोरले माधवराव आदल्या वर्षी गेलेले, गादीवर त्यांचा धाकटा भाऊ नारायणराव. वय वर्षं अठरा. पेशवेपदावर डोळा असलेले दादाकाका शनिवारवाड्यातच नजरकैदेत. ३० ऑगस्टला, ऐन गणपतीत, थकलेला पगार मागत गारदी वाड्यात घुसले. पोरगा जीव मुठीत धरून धावला तो थेट काकांकडे. ‘काका, मला वाचवा!’ काकांच्या डोळ्यांदेखत तो मारला गेला.

पुढची कथा घराघरात ठाऊक आहे. दादांनी हुकूम दिला होता ‘धरावे’, त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला आणि झालं ‘मारावे’. फक्त एक अक्षर! पण या कथेला भक्कम पुरावा नाही. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी धरलं ते राघोबादादांनाच.

आता हिशोब मांडून बघा. अटकेला पोचले सरदार, नाव झालं दादांचं. खुनाचा ठपका आला दादांवर, पण अडीचशे वर्षं खापर फुटतंय आनंदीबाईंच्या डोक्यावर. क्रेडिट साहेबांचं, चूक दुसऱ्याची. ओळखीचं वाटतंय ना?

म्हणी चटकन तोंडात बसतात, कारण त्या छोट्या असतात. निकाल मात्र त्या मोठमोठे देऊन टाकतात, आणि मग फेरसुनावणी कुणी मागत नाही. ज्युनिअरवर असा शिक्का एकदा बसला, की पुढची दोन अप्रेझल्स तो पुसत बसतो.

तेव्हा पुढच्या वेळी ‘ध चा मा कुणी केला?’ असं विचारण्याआधी साहेबांची मूळ मेल एकदा उघडून वाचा. कदाचित तिथे पहिल्यापासून ‘मा’च असेल!